काळं इंजिन, करडा रोल

फिल्म काळी पडायला उजेडच लागतो असं नाही. उष्णता आणि वर्षं पुरतात. चांदीचे जे कण कधी उजेडाला सामोरे गेलेच नाहीत, तेही डेव्हलपरमध्ये काळे व्हायला तयार होतात. हाच फॉग. कारंजा लाडला एका बंद स्टुडिओच्या पत्र्याखाली उन्हाळ्यामागून उन्हाळे काढलेल्या रोलांचं आणखी काय होणार? रोल होते ‘इंदू’चे, म्हणजे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे. एकावर पेनाने ‘शकुंतला, इंजिन’ लिहिलेलं. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची गाडी; तिचं कोळशाचं इंजिन १९९४ साली गेलं, फोटो त्याआधीचे.

स्टुडिओवाल्या काकाजींचा पहिला हुकूम: “आंधी तुकडा धून पाह्य, मंग रोलले हात लाव.”

ठार अंधारात डबी उघडून रिळाकडच्या टोकाचे, फोटो न पडलेले, दोन-दोन बोटांचे तुकडे कापले. एक थेट हायपोत, म्हणजे फिक्सरमध्ये, एक साध्या डी-७६ डेव्हलपरमध्ये, एक बेन्झोट्रायझोल घातलेल्या डी-७६मध्ये. हायपोतला काचेसारखा स्वच्छ निघाला. दुसऱ्यातून खालच्या वर्तमानपत्राचा मथळा तेवढा दिसत होता. तिसऱ्यातून बारीक अक्षरंही लागली. रोल उजेडाने नव्हे, उष्णतेने गेला होता, हेही इथेच कळलं: करडेपणा कडेपासून कडेपर्यंत सारखा होता. डबीत उजेड शिरला असता, तर फिल्मच्या कडेच्या भोकांपासून पट्टे उमटले असते.

बेन्झोट्रायझोल न उजळलेल्या कणांना थोपवतं, पण फार भेदभाव करत नाही. जिथे उजेड कमी पडला, तिथले कणही अडतात. आणि काळ्या इंजिनाचा सगळा तपशील निगेटिव्हच्या त्याच फिकट भागात असतो. म्हणून एक टक्क्याचं द्रावण लिटरला १० मिलीच घेतलं. मला आणखी घालायचं होतं. काकाजींनी बाटली उचलून ठेवली.

खरी लढाई पाण्याशी. डेव्हलपिंगचे तक्ते २० अंशांचे, आणि मे महिन्यात नळाचं पाणी हाताला चटका देणारं. गरम डेव्हलपरमध्ये फॉग आणखी चढतो, जिलेटिन फुगून सुटतं. माठाचं पाणी, टँकभोवती बर्फ, हायपोत तुरटी. धुण्याचं पाणीही माठाचंच, कारण एकदम तापमान बदललं की फिल्मवर जाळी पडते. रोल वाळेपर्यंत कूलर बंद; ओल्या फिल्मवर धूळ बसली की निघत नाही. खोलीत आम्ही भाजून निघालो.

निगेटिव्ह करडीच आली. फेरीसायनाइडने करडेपणा उतरवता येतो, पण ते सगळीकडून सारखंच कापतं, आणि अंधाऱ्या भागातला तपशील आधी जातो. त्यापेक्षा एन्लार्जरखाली जास्त वेळ आणि कडक कागद बरा. प्रिंटवर चाकांचे दांडे दिसतात, टाकीवरचे रिव्हेट दिसत नाहीत. ते फॉगने खाल्ले की बेन्झोट्रायझोलने, यावर आमचं अजून जमलेलं नाही.