इंग्रजीत कधी येणार? जुने जपानी गेम आणि भाषांतराबद्दलचे गैरसमज

‘मदर’ हा गेम जपानमध्ये १९८९ च्या जुलैत आला. जाहिरातींचा मजकूर लिहिण्यात नाव कमावलेल्या शिगेसातो इतोई यांनी तो लिहिला आणि निन्टेन्डोने आपल्या ‘फॅमिकॉम’ या घरगुती मशीनसाठी काढला. पुढच्याच वर्षी निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या शाखेने त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. तेही अर्धवट नाही, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत. आणि मग तो गेम बाजारात आलाच नाही. १९९८ मध्ये त्या इंग्रजी आवृत्तीची नमुना कॅसेट एका संग्राहकाकडे सापडली, तेव्हा ती बनावट आहे असंच अनेकांना वाटलं. ती अस्सल होती. कंपनीने स्वतः तो इंग्रजी गेम विकायला काढला २०१५ च्या जूनमध्ये. तयार भाषांतर पंचवीस वर्षं पडून होतं.

माझी भाची पुण्यात जपानी शिकते. हे ऐकून तिने विचारलं, “मावशी, भाषांतर झालेलं होतं, मग अडलं कुठे?” प्रश्न अगदी बरोबर आहे. जुन्या जपानी आरपीजींची, म्हणजे एखादी कादंबरी जगावी तसे चाळीस-पन्नास तास खेळायच्या त्या कथाप्रधान गेमची, इंग्रजीतून वाट पाहणारे लोक जगभर आहेत. आपल्याकडेही आहेत, कारण जपानी येत नसेल तर या गेमचं दार उघडतं ते इंग्रजीतूनच. पण ही वाट पाहताना काही समजुती इतक्या घट्ट बसल्या आहेत की त्यामुळे खरी मेहनत कुणाची आणि खरी अडचण कुठली, हे दिसेनासं होतं.

“चांगला असता तर आला असता”

ही सगळ्यात जुनी समजूत, आणि सगळ्यात अन्यायाची. ‘ड्रॅगन क्वेस्ट’चा पाचवा भाग जपानमध्ये १९९२ साली आला, सहावा १९९५ साली. दोन्ही तिथे लाखोंनी खपले. इंग्रजीत पाचवा आला २००९ मध्ये आणि सहावा २०११ मध्ये. मधल्या काळात गेम वाईट होते आणि मग अचानक चांगले झाले, असं काही घडलं नाही. ते काढणाऱ्या एनिक्स कंपनीने १९९५ मध्ये अमेरिकेतली शाखाच बंद केली होती. तिकडच्या मुलांना तेव्हा धावपळीचे, उड्या मारायचे गेम हवे होते. तासन्‌तास वाचत बसायचा गेम तिथे खपेल याची खात्री कुणालाच नव्हती. त्यात कॅसेट म्हणजे चिप, आणि मोठ्या गेमला मोठी, महाग चिप. ‘मदर’चं इंग्रजी तयार झालं तेव्हा तर पुढचं मशीन, ‘सुपर निन्टेन्डो’, तोंडावर येऊन ठेपलं होतं. जुन्या मशीनसाठी नवा, अनोळखी गेम छापायचा, त्याची जाहिरात करायची, हा हिशेब बसला नाही. गेमच्या दर्जाचा त्यात संबंधच नव्हता.

याचंच एक उपकथानक आहे. ‘सेइकेन देन्सेत्सु ३’ हा देखणा गेम १९९५ मध्ये फक्त जपानीत आला. त्याच वर्षी त्याच स्क्वेअर कंपनीच्या अमेरिकेतल्या टीमने ‘सीक्रेट ऑफ एव्हरमोर’ काढला. चाहत्यांनी दोन आणि दोन जोडले आणि ठरवून टाकलं की या अमेरिकी गेमने त्या जपानी गेमचा बळी घेतला. वर्षानुवर्षं बिचाऱ्या ‘एव्हरमोर’ला त्याबद्दल शिव्या बसल्या. प्रत्यक्षात ती टीम वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडला नव्याने माणसं घेऊन उभी केलेली होती, जपानी गेमच्या भाषांतरातून कुणाला काढून तिथे बसवलं नव्हतं. टीममधल्या लोकांनी स्वतः हे सांगितलं आहे. तरी समजूत अजून जिवंत आहे.

“शब्दच तर बदलायचे”

इथे जरा थांबायला हवं, कारण खरी गंमत आणि खरे कष्ट इथे आहेत.

जुन्या गेममध्ये मजकूर असा वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवलेला नसतो. चित्रं, संगीत, नकाशे, शत्रूंची ताकद आणि संवाद, सगळं एकाच चिपमध्ये आकड्यांच्या रूपाने ठासून भरलेलं असतं. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, हे त्या गेमपुरतं ठरवलेलं. बाहेरून आलेल्या माणसाला आधी हे कोडं सोडवावं लागतं. मग प्रत्येक संवाद चिपमध्ये कुठून सुरू होतो ते सांगणारे पत्ते शोधायचे. इंग्रजी वाक्य लांबलं की पुढचे सगळे पत्ते सरकतात, ते नव्याने मांडायचे. एक जरी चुकला तर गावातला दुकानदार राजाचं भाषण म्हणायला लागतो किंवा पडदा काळा होऊन गेम बंद पडतो.

आणि वाक्य लांबतंच. जपानी काना लिपीत एक अक्षर म्हणजे एक अख्खा उच्चार: का, कि, कु, के, को. आपल्या बाराखडीच्या जवळचं. (त्यांच्या ‘आ, का, सा, ता, ना’ या क्रमावरही संस्कृत वर्णमालेचा ठसा आहे. बौद्ध भिक्षूंच्या अभ्यासातून तो तिथे पोचला.) आगीच्या ज्वाळेला जपानीत ‘हो-नो-ओ’ म्हणतात, तीन अक्षरं. आपली ‘ज्वाला’ दोन अक्षरांत बसते. इंग्रजीत ‘फ्लेम’ लिहायला पाच लागतात. आता फॅमिकॉमवर प्रत्येक अक्षराला आठ बाय आठ ठिपक्यांचा एक चौकोन मिळायचा, आणि हत्याराच्या किंवा जादूच्या नावाला असे मोजकेच चौकोन राखून ठेवलेले असायचे. तिथे इंग्रजी शब्द कोंबायचा म्हणजे त्याचे हातपाय तोडायचे. नाहीतर गेमच्या आत शिरून अक्षरं छापायची यंत्रणाच नवी लिहायची, म्हणजे बारीक ‘आय’ला कमी जागा मिळेल आणि रुंद ‘डब्ल्यू’ला जास्त. चाहत्यांच्या टीममध्ये भाषांतरकाराइतकाच प्रोग्रामर महत्त्वाचा असतो, तो यामुळे.

जागेची ही ओढाताण कंपनीच्या पगारी माणसांनाही चुकलेली नाही. ‘फायनल फँटसी ६’ हा अख्खा गेम तीन मेगाबाइटच्या कॅसेटमध्ये मावतो, आज मोबाइलवर काढलेला एक फोटो तेवढा असतो. १९९४ मध्ये टेड वुल्सी यांनी त्याचं इंग्रजी केलं. त्यासाठी जेमतेम तीस दिवस मिळाले, असं त्यांनी सांगितलं आहे. काय लिहायचं यापेक्षा काय गाळायचं हाच त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न होता. त्यांच्या इंग्रजीला नावं ठेवणाऱ्यांनी ते तीस दिवस लक्षात ठेवावेत, असं मला मनापासून वाटतं.

“आता एआय आहे ना!”

मोबाइल टीव्हीसमोर धरला की जपानी अक्षरांवर इंग्रजी उमटतं, हे खरं आहे. दुकानात काय विकत घेतोय एवढं कळायला ते पुरतंही. पण जुन्या मशीनवरच्या बऱ्याच गेममध्ये जागेअभावी कांजी, म्हणजे चिनी मुळाची अर्थवाही अक्षरं, नसतातच, सगळं काना लिपीत लिहिलेलं असतं. भाचीला आधी वाटलं होतं, कांजी नाही म्हणजे सोपं. तासाभरात ती वैतागली. ‘कामि’ म्हणजे देव, ‘कामि’ म्हणजे कागद आणि ‘कामि’ म्हणजे डोक्यावरचे केससुद्धा. ‘हाशि’ म्हणजे पूल की जेवायच्या काड्या? कांजी असती तर डोळ्यांनीच उत्तर मिळालं असतं. इथे गावातली एक म्हातारी ‘कामि’बद्दल काहीतरी सांगते, आणि ती कुठे उभी आहे, आधी काय बोलली, हे माहीत असल्याशिवाय अर्थ लागत नाही. यंत्राला मिळतो तो पडद्यावरचा एक चौकोन, कथा नाही.

त्यात जपानी माणूस बरेचदा कर्ता बोलून दाखवत नाही. ‘गेला’, ‘गेली’, ‘गेले’, ‘गेलो’ या सगळ्याला क्रियापद एकच. ‘फायनल फँटसी ५’मध्ये फॅरिस नावाचा चाच्यांचा सरदार आहे. तो स्वतःला ‘ओरे’ म्हणतो. हा ‘मी’ रांगडा, पुरुषी. जपानीत ‘मी’साठी वाशि, बोकु, वाताशि, आताशि असे कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येकातून वय, लिंग, ऐट कळते. पुढे उलगडतं की फॅरिस बाई आहे, हरवलेली राजकन्या. जपानी लेखकाने ते एका ‘ओरे’मागे लपवलं. इंग्रजीत सगळ्यांचा ‘आय’ एकच, त्यामुळे तो रांगडेपणा दुसरीकडून आणावा लागतो. मराठीत तर आणखी पंचाईत: ‘मी आलो’ की ‘मी आले’? पहिल्याच वाक्यात गुपित फुटेल किंवा खोटं बोलावं लागेल. ‘मी पाहिलं’, ‘मला कळलं’ अशा आडवाटा शोधाव्या लागतील. उलट तू, तुम्ही आणि आपण यांतलं अंतर जपानी माणूस जसं मोजतो तसंच आपणही मोजतो, इंग्रजीला ते अंतर दाखवायला जागाच नाही. यंत्र मदतीला घ्यावं, जरूर घ्यावं. पण फॅरिस कोण आहे हे आधीपासून मनात धरून वाक्य लिहिणारं कुणीतरी लागतं.

“अधिकृत तेच खरं”, आणि उलट “फुकट आहे म्हणजे कायदेशीर”

याच फॅरिसच्या गेमचं पहिलं पूर्ण इंग्रजी चाहत्यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात केलं. अधिकृत आलं १९९९ मध्ये, प्लेस्टेशनवर. त्यात ‘वायव्हर्न’ या पंखवाल्या ड्रॅगनचं नाव ‘वाय बर्न’ असं छापलं गेलं, कारण जपानीत ते ‘वाइबान’ असं लिहितात आणि कुणी मागे जाऊन मूळ शब्द कुठला ते पाहिलं नाही. त्याआधीच्या काळात निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेची बंधनंही कडक होती. धर्म आणि दारू दोन्ही वर्ज्य. त्यामुळे ‘होली’ ही जादू ‘फायनल फँटसी’च्या चौथ्या भागात ‘व्हाइट’ झाली, सहाव्यात ‘पर्ल’, आणि दारूचा गुत्ता कॅफे झाला. म्हणून अधिकृत शिक्का असला तरी भाषांतर वाचून पारखावंच लागतं.

कायद्याची बाजू मात्र स्पष्ट आहे. चाहते वाटतात तो ‘पॅच’ असतो. त्यात गेम नसतो, ‘अमुक ठिकाणचा अमुक आकडा बदला’ एवढ्याच सूचना असतात. तरीही भाषांतर करण्याचा हक्क मूळ मालकाचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही भाषांतराचा हक्क कॉपीराइटचाच भाग आहे. पैसे न घेतल्याने तो हक्क आपला होत नाही. ‘फायनल फँटसी टाइप-०’चं चाहत्यांनी केलेलं इंग्रजी २०१४ च्या जूनमध्ये बाहेर पडलं आणि कंपनीच्या इशाऱ्यानंतर पुढच्याच महिन्यात खाली उतरवावं लागलं. बहुतेक कंपन्या दुर्लक्ष करतात, पण त्याला परवानगी म्हणता येत नाही.

“चाहत्यांनी केलं की कंपनी कायमची विसरते”

या समजुतीने चांगली चांगली माणसं काम सोडून देतात, म्हणून ती खोडणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘लाइव्ह अ लाइव्ह’ १९९४ चा. चाहत्यांचं इंग्रजी २००१ मध्ये आलं, अधिकृत २०२२ मध्ये. ‘सेइकेन देन्सेत्सु ३’चं चाहत्यांचं भाषांतर, ज्यात नील कॉर्लेट यांनी कोडचं अवघड काम केलं, शतक बदलण्याच्या सुमारास आलं. कंपनीने जून २०१९ मध्ये स्वतःचं इंग्रजी काढलं, पुढच्या वर्षी नवी सजवलेली आवृत्तीही. आधीचं भाषांतर आड आलं नाही. उलट इतकी वर्षं त्या गेमचं नाव इंग्रजी वाचकांच्या तोंडी राहिलं ते त्याच्यामुळेच, असं माझं मत आहे.

काही वेळा तर चाहत्यांचं कामच अधिकृत होतं. फाल्कॉम कंपनीचे ‘ट्रेल्स’ मालिकेतले दोन गेम, ‘झीरो’ आणि ‘अझूर’, जपानमध्ये २०१० आणि २०११ मध्ये आले. ‘जिओफ्रंट’ या चाहत्यांच्या गटाने २०२० आणि २०२१ मध्ये त्यांचं इंग्रजी केलं. एनआयएस अमेरिका कंपनीने ते रीतसर घेतलं आणि २०२२ व २०२३ मध्ये त्याच्या आधारे गेम विक्रीला आणले. या मालिकेतल्या संवादांचा पसारा पाहिला तर यामागचे कष्ट कळतात. एकेका गेमचा मजकूर कित्येक लाख जपानी अक्षरांचा, आणि मुख्य कथा पुढे सरकली की गावातला प्रत्येक जण नवं काहीतरी बोलतो. ‘ट्रेल्स इन द स्काय’चा दुसरा भाग जपानमध्ये २००६ चा. त्याचं इंग्रजी यायला, ते अधिकृत, पगारी काम असूनही, २०१५ उजाडलं.

प्रत्येक गोष्ट अशी सुफळ होत नाही, हेही सांगायला हवं. ‘मदर ३’ जपानमध्ये एप्रिल २००६ मध्ये आला, ‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स’ या हातात धरायच्या मशीनवर, त्याची सद्दी संपत आली असताना. व्यवसायाने भाषांतरकार असलेले क्लाइड मँडेलिन आणि त्यांचे सहकारी राबले आणि ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांचं इंग्रजी बाहेर पडलं. पुढे मँडेलिन यांनी ते निन्टेन्डोला विनामूल्य देऊ केलं. २०२२ मध्ये मालिकेतले पहिले दोन गेम इंग्रजीत ‘स्विच’ मशीनच्या ऑनलाइन सेवेवर आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘मदर ३’ही आला, पण फक्त जपानमध्ये, फक्त जपानीत.

भाचीने जपानमधल्या मैत्रिणीकडून त्याची जुनी कॅसेट मागवली आहे. शेजारी शब्दकोश आणि शंभर पानी वही. सुरुवातीलाच गेम विचारतो, तुझा आवडता खाऊ कोणता? कथेत पुढे तो पदार्थ येतो. तिने जरा विचार केला आणि एकेक काना निवडून लिहिलं: मो-दा-कु. आपल्या ‘मोदक’सारखीच तीन अक्षरं, तीन चौकोनांत बसली.