घरोघरचा चहा

दोडामार्गाकडून गोव्यात उतरले की डिचोली तालुक्यातील लाटंबार्से हे गाव लागते. सीमेवरच्या अशा गावात आल्यागेल्याची वर्दळ नित्याचीच. एके काळी उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गूळपाणी ठेवण्याची रीत होती. आता पाण्यामागोमाग चहा येतो. कोंकणीतील ‘च्या’, मराठीतील ‘चहा’ आणि पोर्तुगिजांचा ‘शा’ या सर्वांचे मूळ एकाच चिनी शब्दात आहे. आतिथ्याचे साधन बदलले, भाव तोच राहिला. परंतु ज्या पेयाने दिवसाचा आरंभ होतो, ते सिद्ध करण्याची पद्धत मात्र पुष्कळ घरांत केवळ सवयीवर सोपविलेली असते.

बहुधा असे घडते की पाणी, पूड, साखर व दूध ही सारी एकदम चुलीवर चढतात आणि रंग गडद होईपर्यंत कढत राहतात. जितका अधिक कढवावा तितका चहा कडक, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. तरतरी आणणारे कॅफीन उकळत्या पाण्यात लवकर उतरते. टॅनिन या नावाने ओळखली जाणारी तुरट द्रव्ये मात्र मागाहून सावकाश उतरत राहतात, आणि सुवास तर वाफेबरोबर निघून जातो. म्हणजे फार वेळ कढविल्याने तरतरी फारशी वाढत नाही. वाढतो तो तुरटपणा. मग तो झाकण्यासाठी साखरेचा आणखी एक चमचा पडतो.

यात पुडीच्या जातीचाही विचार करावयास हवा. आज घरोघरी असते ती दाणेदार पूड. पाने चिरडून, फाडून व वळवून तिचे दाणे करण्याची यांत्रिक रीत १९३०च्या दशकात आसामात निघाली. हे दाणे रंग व कस लवकर सोडतात. अखंड पानाइतका वेळ त्यांना लागत नाही.

तेव्हा एका पेल्यासाठी साधारण १०० मिलिलिटर ताजे पाणी घ्यावे. ते खळखळून उकळले की साखर घालावी व एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे २ ग्रॅम, पूड टाकावी. एखादा मिनिट उकळू देऊन भांडे उतरवावे आणि झाकण ठेवून तीन मिनिटे मुरू द्यावे. दूध वेगळे तापवून त्यात आवडीप्रमाणे मिसळावे व लगेच गाळावे. गाळलेला चोथा पुन्हा उकळून दुसरा चहा करू नये. त्यात रंग व तुरटपणा यांवाचून फारसे काही उरत नाही.

आले घालावयाचे तर ते ठेचून आरंभीच पाण्यात उकळावे. कच्च्या आल्यात दूध नासविणारे द्रव्य असते. उकळीने ते निकामी होते. गुळाच्या चहात दूध भांडे उतरविल्यावरच घालावे, नाहीतर ते फाटण्याचा संभव असतो. परसातील गवती चहाची पाती मात्र पुडीबरोबर झाकण ठेवून मुरविली तरी पुरे. तिचा सुवास फार कढविल्याने जातो.

जांभ्या दगडाच्या प्रदेशातील विहिरींचे पाणी सामान्यतः मृदू असते, आणि मृदू पाण्यात चहाचा रंग स्वच्छ उतरतो. लोखंडी भांडे मात्र टाळावे, कारण लोखंड व टॅनिन यांच्या संयोगाने चहा काळवंडतो. चहाची पूड ओल आणि वास दोन्ही शोषून घेते. कोंकणच्या पावसाळ्यात ती घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाले, सुकी मासळी व रॉकेल यांपासून दूर ठेवणे अगत्याचे आहे.

आणखी एक गोष्ट केवळ चवीची नाही. जेवणाबरोबर वा जेवणावर लगेच घेतलेला चहा धान्य, कडधान्ये व पालेभाज्या यांतील लोह अंगी लागू देत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत आणि सारा दोष चहाच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. तथापि जेवण व चहा यांत तासाभराचे अंतर राखण्यास पैसा लागत नाही. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेल्या भाकरीबरोबर, दोनदा कढविलेला चहा घेऊन वेळ भागविणारी गृहिणी आपल्या वाट्याचे लोहच गमावीत असते.

पाहुण्यासाठी जसा ताजा चहा टाकला जातो, तसाच तो करणारीसाठीही टाकला जावा. पाणी, पूड आणि चार मिनिटे, यांहून अधिक खर्च त्याला नाही.