ओरडल्याने राग निवळत नाही

'फटकळ आहे, पण मनात काही ठेवत नाही.' घरादाराला धारेवर धरणाऱ्या माणसाची ही वकिली मी सतत ऐकते आणि प्रत्येक वेळी चिडते. त्याच्या मनात काही उरत नसेलही, पण ऐकणाऱ्यांच्या मनात उरतं त्याचं काय? शिवाय मुळात त्याच्याही मनातून राग जात नाही.

राग कुकरमधल्या वाफेसारखा साचतो, म्हणून ओरडा, आपटा, मोकळे व्हा, ही या वकिलीमागची समजूत. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या १८९५च्या ग्रंथानंतर ती मानसशास्त्राच्या नावावर खपू लागली. प्रयोगांत मात्र ती टिकली नाही. ब्रॅड बुशमन यांनी २००२मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६०० विद्यार्थ्यांना आधी चिडवलं. एका गटाने चिडवणाऱ्याला मनात आणून पंचिंग बॅग बडवली. तोच गट नंतर सर्वांत संतप्त निघाला. दोन मिनिटं नुसता बसलेला गट सर्वांत कमी आक्रमक होता. एकाच प्रयोगावर विसंबू नये म्हणाल, तर २०२४मध्ये १५४ अभ्यास एकत्र तपासले गेले. शरीराचा क्षोभ उतरवणारे उपाय, म्हणजे संथ श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं, यांनी राग कमी झाला. धावण्याने तर उलट वाढण्याकडे कल दिसला.

कारण उघड आहे. ओरडताना छातीची धडधड वाढते आणि तक्रारीची मनात पुन्हा उजळणी होते. ओरडल्यावर क्षणभर बरं वाटतं हे खरं, आणि त्यामुळेच त्याची सवय लागते.

मग राग गिळायचा? तेही नाही. चेहरा कोरा ठेवला तरी आतली भावना तशीच राहते आणि शरीरावरचा ताण वाढतो, हे जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत दिसलं. आधी शांत व्हा, मग नेमकं बोला: 'तू न सांगता उशिरा आलास, मला काळजी वाटली आणि अपमानही वाटला.'

आणखी काही गैरसमज. दहा आकडे मोजणं पोरकट नाही; तेवढ्यात पहिला भर ओसरू लागतो. रडणं हा दुबळेपणा नाही, पुरुषाचंही नाही. 'आमच्या घराण्यातच राग आहे' म्हणणाऱ्याचा आवाज साहेबांसमोर चढत नाही. आणि मदत घेणं म्हणजे वेड लागणं नव्हे: हात उचलण्यापर्यंत वेळ येत असेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकाशी मोफत बोलता येतं.