अदृश्य किरणांवर पहारा

बंगळुरूच्या किडवाई स्मारक कर्करोग संस्थेत, तसेच देशातील अनेक रुग्णालयांत व विद्यापीठांत उपचार आणि संशोधन यांसाठी किरणोत्सर्ग वापरला जातो. ही किरणे डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वासही नसतो; म्हणून अशा ठिकाणी किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी नेमलेला असतो. त्याची त्रिसूत्री सोपी आहे : स्रोताजवळ कमीत कमी वेळ थांबावे, अंतर राखावे आणि मध्ये शिशाचा किंवा काँक्रीटचा आडोसा ठेवावा. लहान स्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले, की किरणांची तीव्रता एक चतुर्थांश होते. कर्मचाऱ्याच्या छातीवरील बिल्ला त्याला मिळालेली मात्रा नोंदवतो. पाच वर्षांच्या सरासरीने ती वर्षाला २० मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक होऊ नये, असा भारतातील नियम आहे.

स्रोतांची नोंदवही राखणे हेही तितकेच मोलाचे काम होय. २०१० साली दिल्ली विद्यापीठातील, अनेक वर्षे वापरात नसलेले कोबाल्ट-६०चे यंत्र भंगारात विकले गेले. मायापुरीच्या बाजारात ते फोडल्यावर अनेक जण आजारी पडले व एका कामगाराचा मृत्यू झाला. कोबाल्ट-६०ची किरणोत्सर्गिता निम्मी होण्यास सुमारे सव्वापाच वर्षे लागतात. यंत्र बंद केले, तरी त्यातील स्रोत विझत नाही. म्हणूनच तो कोठे आहे, याचा हिशेब अखेरपर्यंत ठेवावा लागतो.