उत्तर न देण्याचं काम

रेघांच्या वहीचं एक पान. वरून खाली काही ओळी आणि प्रत्येक ओळीसमोर एक आकडा. सगळ्यात खाली ‘मोबाइलवर कुत्र्याचा फोटो बघणे – २०’. त्याच्या वर ‘सोसायटीच्या गेटपाशी कुत्रा झोपलेला असताना शेजारून जाणे – ३५’. मग ‘बाहेरची पॅन्ट न बदलता पलंगावर बसणे – ६०’, ‘पॅन्टच्या पायाला हात लावून त्याच हाताने बिस्किट खाणे – ७५’. सगळ्यात वर, अक्षर बारीक करून लिहिलेली ओळ: ‘कुत्र्याला बिस्किट टाकणे आणि त्याच कपड्यांत रात्री झोपणे – १००’.

अक्षर माझ्या धाकट्या भावाचं. आकडे भीतीचे. शून्य म्हणजे निवांत, शंभर म्हणजे आता जीव जातोय. ही मोजपट्टी मूळच्या दक्षिण आफ्रिकेतल्या जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने १९६०च्या दशकात रूढ केली. या पानाला थेरपीत ‘शिडी’ म्हणतात. ती रुग्णाने स्वतःच लिहायची असते आणि खालच्या पायरीपासून चढायची असते.

भावाला ओसीडी आहे, जुन्या भाषेत मंत्रचळ. हा आजार म्हटला की लोकांना हात धुणारी बाई आठवते. याचं तसं नव्हतं. याला रेबीजची धास्ती होती. रस्त्यावरून कुत्रं गेलं, नुसतं गेलं, तरी त्याची लाळ आपल्या पॅन्टवर उडाली असेल, तिथून ती हाताला लागली असेल आणि हाताला कुठेतरी बारीक खरचटलेलं असेल, अशी साखळी मनात सुरू व्हायची. मग कपडे दारातच बादलीत, डेटॉलची आंघोळ, पायाच्या प्रत्येक इंचाचा मोबाइलच्या टॉर्चने तपास. कुत्रं चावलेलं नसताना याने रेबीजच्या इंजेक्शनांचा कोर्स घेतला होता, तोही एकदाच नव्हे. बँकेत नोकरी करणारा, हिशेबात कधी न चुकणारा मुलगा. आपण करतो ते अतिरेकी आहे हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. कळण्याने काही होत नव्हतं, हीच या आजाराची खोच आहे.

‘नाव सोडून सगळं लिही,’ असं त्यानेच सांगितलं म्हणून लिहिते आहे.

या उपचाराचं पूर्ण नाव एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी. नावातल्या पहिल्या शब्दालाच सगळा मान मिळतो. ‘भीतीला सामोरं जा’ हा सल्ला तर कुणीही देतं. माझं मत विचाराल तर सामोरं जाणं हा त्यातला सोपा भाग आहे. खरं काम दुसऱ्या अर्ध्यात आहे. भीती वाटल्यावर जे करावंसं वाटतं ते करायचं नाही. धुवायचं नाही, तपासायचं नाही, गूगल करायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. आणि घरच्यांनी उत्तर द्यायचं नाही.

पहिल्याच भेटीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमनी फळ्यावर एक डोंगर काढला. कुत्रं दिसतं, भीती वर चढते, भाऊ आंघोळीला पळतो, भीती धाडकन खाली येते. ‘सुटलो’ असं वाटतं. मेंदू मात्र शिकतो भलतंच: वाचलो ते आंघोळीमुळे. पुढच्या वेळी डोंगर आणखी उंच. ‘आता समजा, आंघोळ केलीच नाही,’ म्हणून त्यांनी रेघ तशीच पुढे ओढली. ती काही काळ वर राहिली आणि हळूहळू आपली आपण उतरली. भावाने विचारलं, ‘उतरलीच नाही तर?’ मॅडम म्हणाल्या, ‘तर ती तशीच घेऊन जेवायला बसायचं.’ तेव्हा मला हे उत्तर तुटक वाटलं. पुढे कळलं, सगळी थेरपी त्या एका वाक्यात होती.

यामागचा इतिहास फार जुना नाही. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या एका लहान मुलाला खाऊ देत देत ससा थोडा थोडा जवळ आणला आणि त्याची भीती घालवली. पण ओसीडी त्यानंतरही दुर्धरच मानला जाई. १९६६मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर वेगळा प्रयोग केला. घाणीची भीती असलेल्या बाईला त्याच वस्तू हाताळायला लावल्या आणि तिला धुता येऊ नये म्हणून पाण्याचे नळ बंद केले, नर्सचा पहारा ठेवला. आज असे नळ बंद करत नाहीत. आज पहारा रुग्णाने स्वतःवर ठेवायचा असतो आणि त्याची संमती नसेल तर एकही पायरी चढायची नसते.

आमच्याकडे ७५ची पायरी क्लिनिकबाहेरच्या फुटपाथवर झाली. मीही सोबत होते. चहाच्या टपरीपाशी एक भुरकट कुत्रं पाय ताणून पडलेलं. त्याच्या अंगावरून माणसं ये-जा करत होती आणि त्याला कशाची पर्वा नव्हती. आम्ही तिघं त्याच्या शेजारच्या कट्ट्यावर बसलो. मॅडमनी विचारलं, ‘काय होईल असं वाटतंय?’

‘रेबीज होईल.’

‘ते आज कळणार आहे का?’

भाऊ गप्प. रेबीजची लक्षणं दिसायला साधारण दोन-तीन महिने लागतात, क्वचित वर्षही, हे त्याला पाठ होतं. त्याच्या आजाराने हाच रोग का निवडला हे मला त्या कट्ट्यावर उमगलं. ज्याची खात्री आज करून घेताच येत नाही, अशाच गोष्टीला तो चिकटतो. मॅडम पुढे म्हणाल्या, ‘मग आज कळेल असं काही सांगा.’ बराच वेळ विचार करून तो म्हणाला, ‘आंघोळ केली नाही तर मला सहन होणार नाही. रात्रभर झोप लागणार नाही, उद्या बँकेत काम जमणार नाही.’ मॅडमनी हे शब्दशः वहीत लिहिलं. हे उद्या तपासता येणार होतं.

मग त्यांनी स्वतः आधी करून दाखवलं. सलवारच्या पायावरून तळवा फिरवला, पर्समधून पारलेचा पुडा काढला, एक बिस्किट खाल्लं. भावाने पॅन्टच्या पायाला हात लावला. बोटं लावून लगेच उचलली. ‘तळवा,’ मॅडम म्हणाल्या. त्याने तळवा टेकवला. कपाळावर घाम, दुसऱ्या हाताची मूठ आवळलेली. बिस्किट हातात धरून तो बसून राहिला. आकडा विचारला, ८५. एक कोपरा खाल्ला. चावून खात नव्हता, जिभेवर विरघळू देत होता. मॅडमच्या ते लक्षात आलं. ‘ओठ न लावता खाताय. नीट चावा.’ अशा बारीकसारीक पळवाटा पकडणं हेच थेरपिस्टचं कसब. दुसरी पळवाट त्यांनी त्याच्या ओठांच्या हालचालीवरून ओळखली. तो मनात रामरक्षा म्हणत होता. मॅडमनी ती म्हणू नका असं सांगितलं नाही. ‘संध्याकाळी देवापाशी रोज म्हणता तशी खुशाल म्हणा. कुत्रं दिसलं म्हणून म्हणायची नाही. ती आंघोळच झाली, फक्त पाणी नाही इतकंच.’

अर्ध्या-पाऊण तासाने आकडा ५०वर आला. कुत्र्याने मधेच उठून पुड्याकडे नाक वळवलं तेव्हा तो परत ८० झाला. त्यावर मॅडम खूश. भीती खाली येण्याची वाट बघत बसायचं नसतं, असं त्या सांगत. मिशेल क्रास्के आणि इतर संशोधकांनी गेल्या काही वर्षांत हाच मुद्दा मांडला आहे. जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी शिकवण बसते, ‘असं झालं आणि तरी मी निभावलं’ ही. म्हणून जे घडेल असं वाटत होतं आणि जे घडलं, त्यातला फरक मोठा हवा. त्या रात्री त्याला उशिरा का होईना झोप लागली. दुसऱ्या दिवशी बँकेत कॅशचा हिशेब जुळला. वहीत तेवढंच लिहिलं.

उपचार म्हणजे बेफिकिरी नव्हे, हे इथेच सांगायला हवं. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर कुत्री आहेत आणि रेबीज खरा आहे. नियम एकदाच ठरला: चावलं, ओरखडलं, किंवा जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली तर पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्यायचं. धड कातडीला कुत्र्याने नुसता स्पर्श केला किंवा चाटलं तर लस लागत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. हा नियम कार्डावर लिहून मॅडमनी स्वतःच्या खणात ठेवला. भावाला दिला नाही. दिला असता तर तो दिवसातून शंभरदा वाचत बसला असता आणि कार्डाचीच आंघोळ झाली असती.

आता घराकडे येते. अवघड भाग तिथे होता.

‘ताई, तो पांढरा कुत्रा माझ्या पायाला लागला नाही ना गं?’ हा प्रश्न आमच्या घरात जेवणाच्या ताटावर, बाथरूमच्या दारातून, ऑफिसमधून फोनवर, कुठूनही यायचा. ‘नाही रे बाबा’ म्हटलं की त्याचा चेहरा सैल व्हायचा आणि पाच मिनिटांत तोच प्रश्न जरा शब्द बदलून यायचा. मॅडमनी आम्हाला एक वाक्य दिलं: ‘हा प्रश्न आजाराचा आहे, मी उत्तर देणार नाही.’ पाठोपाठ विषय बदलायचा, रागवायचं नाही. बाबांनी ते सरकारी शिस्तीत पाळलं. आईला जमेना. तोंडाने ती ‘मला माहीत नाही हं’ म्हणायची आणि मान मात्र ‘नाही नाही’ अशी हलवायची. भाऊ उत्तर मानेवरून घ्यायचा. मग तिने युक्ती काढली: प्रश्न आला की ओट्याकडे तोंड करून कढईत उलथनं फिरवत राहायची. बरेच दिवस आमच्याकडे भाज्या नको तितक्या परतल्या गेल्या.

खरी ठिणगी पडली ती रेकॉर्डिंगवरून. एका टप्प्यावर मॅडमनी त्याला स्वतःच्या आवाजात मोबाइलवर बोलायला सांगितलं: मला कदाचित रेबीज होईल, मी इंजेक्शन घेतलेलं नाही, आणि खात्री मला कधीच मिळणार नाही. हे रोज ऐकायचं. आई हादरली. ‘घरात असलं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते!’ तिच्या दृष्टीने बोलणं आणि घडणं यांत अंतर नव्हतं. मॅडमनी तिला हसण्यावारी नेलं नाही. त्या म्हणाल्या, ‘आई, तुमच्या मुलालाही नेमकं हेच वाटतं. मनात आलं म्हणजे घडणारच, असं. तुमचं निभावतं, त्याचं आयुष्य अडलंय.’ शेवटी तोड निघाली, रेकॉर्डिंग वास्तूबाहेर, बसमध्ये जाता-येता ऐकायचं. सुरुवातीला तो स्टॉप यायच्या आधी कानातून इअरफोन उपटायचा. पुढे एकदा घरी येऊन म्हणाला, ‘ताई, कंटाळा आला यार ते ऐकून.’ मॅडमना कळवलं तर त्यांना फार आनंद झाला. कंटाळा येणं हीच तर प्रगती.

असे नको ते विचार बहुतेक सगळ्यांच्या मनात येतात, हे स्टॅन्ली रॅचमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी १९७८मध्येच दाखवून दिलं होतं. ओसीडी नसलेल्या माणसांच्या मनातही तसलेच विचार येऊन जातात. फरक असा की ती माणसं त्यांना येऊ-जाऊ देतात, बसायला पाट देत नाहीत.

नुसत्या थेरपीवरच सगळं झालं असं नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या चालू होत्या, आहेत. ओसीडीत या गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात आणि डोस नैराश्यापेक्षा बहुधा जास्त लागतो, हे आधी कळलं तर लोक त्या मधेच सोडणार नाहीत. एडना फोआ आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ईआरपी सुरू केलेल्यांपैकी ६२ टक्क्यांना गुण आला, क्लोमिप्रामिन या औषधाने ४२ टक्क्यांना, दोन्ही मिळून ७० टक्क्यांना आणि खोट्या गोळीने ८ टक्क्यांना. म्हणजे सगळ्यांना येत नाही. काहींना तर सुरुवातच झेपत नाही.

साध्या फोबियाचं गणित सोपं आहे. कोळी, साप, कुत्रं अशी एकाच गोष्टीची भीती स्वीडनच्या लार्स-ग्योरान ऑस्ट यांनी तीन तासांपर्यंतच्या एकाच बैठकीत हाताळून दाखवली, तो निबंध १९८९चा. रक्ताच्या भीतीत मात्र रक्तदाब पडून माणूस खरोखर चक्कर येऊन कोसळू शकतो. तिथे स्नायू ताणून धरायला शिकवतात, ‘सैल व्हा’ असं सांगत नाहीत.

शिडीची शेवटची पायरी भावाने चढली. पावसाळ्यात चिखलाचे पाय घेऊन फिरणारी कुत्री दिसली की आकडा अजूनही वर जातो आणि मधूनच एखादा प्रश्न येतोच. तो आता अर्ध्यावर स्वतःच थांबतो, ‘नको, नको देऊस उत्तर’ म्हणतो. आई अजून ओट्याकडे वळते.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर दोन गोष्टी करा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते बघा आणि सरळ विचारा: ‘तुम्ही ईआरपी करता का? घरच्यांना त्यात घेता का?’ नुसतं बोलून मन मोकळं करण्याने ओसीडी जात नाही. आणि कुठून सुरुवात करायची हेच कळत नसेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत, तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं.