रणांगणावरची खिदमत

युद्ध म्हटले की आपल्याला तोफा आणि रणगाडे आठवतात. जखमीला उचलून आणणारे, रात्रभर त्याच्या उशाशी बसणारे हात सहसा कोणाला आठवत नाहीत. अशाच हातांची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले. भारताने तिथे लढाऊ फौज पाठवली नाही. पाठवले ते वैद्यकीय पथक. त्याचे नाव ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज त्याचे प्रमुख होते. डॉक्टर, रुग्णसेवक जवान आणि मदतनीस मिळून तीनशेहून अधिक माणसे नोव्हेंबरमध्ये तिथे पोहोचली.

महिनाभरातच कसोटी आली. चिनी फौजा युद्धात उतरल्या होत्या आणि संयुक्त राष्ट्रांचे सैन्य प्याँगयांग सोडून मागे हटत होते. पथकाकडे वाहने नव्हती. सामान जाळून टाका आणि निघा, असे सांगण्यात आले. पण औषधे आणि शस्त्रक्रियेची हत्यारे जाळल्यावर पुढे येणाऱ्या जखमींना द्यायचे काय? रंगराज यांनी नकार दिला. शोधाशोध करून जवानांनी एक जुने वाफेचे इंजिन आणि काही डबे मिळवले. कडाक्याच्या थंडीत रांग लावून हातोहात बादल्या पोहोचवत बॉयलर भरला. इंजिनाची थोडीफार माहिती असलेले दोघे त्यांच्यातच निघाले. गाडी नदीपार झाली आणि काही वेळातच मागचा पूल उडवण्यात आला. सामान वाचले, म्हणजे दवाखाना वाचला!

मार्च १९५१ मध्ये मुनसान-नी येथे अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर या पथकातील डझनभर माणसांनी विमानातून उड्या घेतल्या आणि रणांगणावरच जखमींवर उपचार केले. रंगराज यांना महावीर चक्र मिळाले. पथकाची दुसरी तुकडी तैगू शहरात होती. तिथे सामान्य कोरियन नागरिकांवरही उपचार झाले. तीन वर्षांहून अधिक काळ सेवा करून १९५४ मध्ये पथक मायदेशी परतले.

ही हकीकत वाचताना आम्हाला हजरत रुफैदा (रजि.) आठवल्या. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना मस्जिदे नबवीतील त्यांच्याच तंबूत शुश्रूषेसाठी ठेवण्यात आले होते. रुग्णसेवेला आपल्याकडे इतका जुना मान आहे. तरीही मुलीने किंवा मुलाने नर्सिंगला जायचे म्हटले की आपल्या घरांत कपाळाला आठ्या पडतात. रात्रपाळी, परक्यांची सेवा, लोक काय म्हणतील!

वाचक बंधू-भगिनींनो, घरातले कोणी आजारी पडले की आपण याच हातांची वाट पाहतो. मग ते हात आपल्या घरातून का जाऊ नयेत? यंदा दहावी-बारावीचे निकाल लागतील, तेव्हा हा विषय एकदा दस्तरखानावर जरूर काढा.