मेंदूच्या वेशीवरचा पहारा

मी कलाशाखेचा विद्यार्थी. तरी मेंदूतील गाठीपर्यंत औषध का पोहोचत नाही, याचे मला कुतूहल आहे. मेंदूच्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात. विषासारखीच बहुतेक औषधेही त्या अडवतात. रक्षकच उपचाराच्या आड येतो!

बर्लिनच्या संशोधकांनी वेस टाळली. लोह-ऑक्साइडचे सुमारे १५ नॅनोमीटरचे कण (१ नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) त्यांनी सुईने थेट गाठीत सोडले. बाहेरून सतत दिशा पालटणारे चुंबकीय क्षेत्र लावताच कण तापतात व गाठीला चटका देतात, जोडीला किरणोपचार. २०१० साली युरोपात यास मान्यता मिळाली. २०११ च्या अहवालानुसार, गाठ उलटलेल्या ५९ रुग्णांपैकी निम्मे त्यानंतर १३.४ महिन्यांहून अधिक जगले. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. म्हणून याला मी विजय म्हणणार नाही, आशा म्हणेन.